थ्रेशरच्या हिशोबाचं अ‍ॅप लोक वापरतात, पण पैसे कुठून काढायचे?

मडगार्डवरचा_खडू (ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

नमस्कार मंडळी. यवतमाळला बीसीए करून मी सध्या तालुक्याच्या गावी एका सेतू केंद्रात बसतो. दिवसभर सातबारा, उत्पन्नाचे दाखले, पीक विम्याचे अर्ज. रात्री जेवण झालं की लॅपटॉप. घरी चार एकर, त्यात सोयाबीन-तूर आणि थोडी पऱ्हाटी.

माझ्या मामाचं थ्रेशर आहे. हंगामात मामा या शेतातून त्या शेतात फिरतो, कोणाचे किती पोते निघाले ते ट्रॅक्टरच्या मडगार्डवर खडूनं लिहितो आणि घरी आल्यावर मामी ते वहीत उतरवते. रात्री दव पडलं की अर्धे आकडे गायब. मग शेतकरी म्हणते बावीस पोते, मामा म्हणते सव्वीस, आणि चार पोत्यांपायी दिवाळीपर्यंत बोलणं बंद. त्यावरून मी अ‍ॅप केलं. शेतकऱ्याचं नाव, गाव, पीक, पोते, दर. दुसऱ्या बाजूला डिझेल, ड्रायव्हर आणि मजुरांची मजुरी. खाली जमा आणि बाकी. ‘पक्कं करा’ दाबलं की पावतीचं चित्र तयार होते आणि व्हॉट्सअ‍ॅपवर शेतकऱ्याकडे जाते. शेतात रेंज नसते म्हणून सगळी नोंद फोनमध्येच ठेवली आहे, रेंजमध्ये आलं की पावती सुटते.

प्ले स्टोअरवर टाकून वर्ष झालं. २५ डॉलर एकदाच भरायचे होते, ते भरले. आज चारेकशे फोनमध्ये आहे, बहुतेक यवतमाळ-वाशिमकडचे, आणि सुरुवातीचे मामाच्या ओळखीचे सोडले तर एकाही माणसाला मी स्वतः सांगितलेलं नाही, थ्रेशरवाल्यांनीच एकमेकांना पाठवलं. खाली अ‍ॅडमॉबचा (गुगलच्या जाहिरातींचा) बॅनर लावला आहे. त्यातून आजपर्यंत जमले ११ डॉलर. १०० झाल्याशिवाय बँकेत काही येत नाही. सोयाबीन निघालं की आकडा जरा हलतो, मग तुरीपर्यंत तसाच पडून राहतो. या चालीनं १०० व्हायला माझं लग्न होऊन पोरं शाळेत जातील. त्यात १० डॉलरला पोचल्यावर आता पत्ता तपासायला पोस्टानं पिन येणार म्हणतात, तो आमच्या गावात कसा येईल देव जाणे.

वडील म्हणतात, मोबाईलमध्ये डोकं घालून पैसे आले असते तर गावातले सगळे पोट्टे सावकार झाले असते. एमपीएससी दे नाहीतर पुण्याला जा, असं चाललं आहे. मला जायचं नाही. प्रश्न सरळ आहे: पूर्ण पानाच्या जाहिराती लावू, का प्रीमियम करू, का हे सोडून बाहेरच्या देशातल्या लोकांसाठी काही बनवू? कोणी गावात राहून यातून खरंच पैसे कमावत असेल तर आकड्यासकट सांगा. ‘पॅशन फॉलो कर’ नको.

हिंजवडीकर_सध्या

पुण्याला ये. फ्लटर (एकाच कोडवर अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीचं बनवायचं साधन) शिक, दोन वर्षं नोकरी कर, मग गावात जाऊन जे बनवायचं ते बनव. चारशे फोनवर जगात कोणाचं घर चालत नाही.

उधारी_वसूल (ता. समुद्रपूर, जि. वर्धा)

वरच्या भाऊंचा सल्ला वाईट नाही, मीही तिकडे सहा वर्षं काढली. पण चारशे फोनवर घर चालत नाही हे मला पटत नाही. माझं सत्तरेक गिऱ्हाइकांवर चालतं. आकडे मागितलेस, देतो.

माझं अ‍ॅप कृषी केंद्रांच्या उधारीचं आहे. खत-बियाण्याची दुकानं. एका दुकानाकडून वर्षाला २,४०० रुपये घेतो. हिंगणघाट, समुद्रपूर, वरोरा, भद्रावती असा पट्टा आहे. खर्च वजा जाता महिन्याला बारा-तेरा हजार पडतात. फार नाहीत, पण भाडं नाही, सकाळचं दूध घरचं, आणि शेत आहेच. वर दुकानदारांचे बिलाचे प्रिंटर जोडून देणे वगैरे किरकोळ कामं मिळतात ती वेगळी.

आधी तो बॅनर काढ. भारतातल्या बॅनरला हजार वेळा दिसल्यावर काही सेंट मिळतात, आणि तुझं अ‍ॅप माणूस शेतात दहा सेकंद उघडतो आणि बंद करतो. शिवाय तुझं ‘पक्कं करा’ खालीच असणार, बॅनरही खालीच. भुसकटानं भरलेला अंगठा जाहिरातीवर पडतो. अशा चुकीच्या क्लिक वाढल्या की गुगल खातं गोठवते. मित्रांनाही सांगून ठेव, ‘तुझ्या जाहिरातीवर दाबून देतो’ म्हणून कोणी मदत करायला नको. पूर्ण पानाची जाहिरात तर लावूच नको. थ्रेशर चालू आहे, आवाजात काही ऐकू येत नाही, शेतकरी डोक्यावर उभा आहे आणि फोनमध्ये कसल्या तरी गेमची जाहिरात पाच सेकंद सुरू. दुसऱ्या दिवशी तुझं अ‍ॅप निघालं.

आता, खातेबुक फुकट असताना दुकानदार मला २,४०० का देतो? हे मला पहिल्या वर्षी सगळ्यांनी विचारलं. खातेबुक नाव आणि रक्कम ठेवते, चांगलं ठेवते. पण आमच्याकडे एका गावात एकाच नावाचे चार जण असतात, तिथं बापाचं नाव लागतं आणि नसेल तर कोणत्या धुऱ्याकडचा ते लागतं. उधारी कोणत्या पिकावर फेडणार ते लागतं, कारण कापूसवाल्याला ऑक्टोबरात फोन करून उपयोग नाही. बियाणं उगवलं नाही तर तक्रारीला बॅगेवरचा लॉट नंबर लागतो, तो बिलावर यावा लागतो. एवढंच जास्तीचं आहे माझ्यात. ते मला सुचलं नाही, दुकानात बाकड्यावर बसून ऐकलं.

तुझ्या थ्रेशरवाल्याचंही असंच काही असणार जे तुला मामामुळे माहीत आहे आणि मोठ्या कंपनीला कधी माहीत होणार नाही. त्याचेच पैसे माग. चारशेपैकी स्वतःचं मशीन असलेले किती? समज दीडशे. त्यातले पन्नास जण वर्षाला ६०० देतात धरलं तर तीस हजार झाले. पहिल्या वर्षाला वाईट आहे का? तुझा तर हंगामही एक नाही: सोयाबीन झालं की तूर, मग हरभरा, मग गहू.

पैसे घ्यायची पद्धत नीट समजून घे, इथं पोट्टे मार खातात. अ‍ॅपमध्ये आपल्या फोनपेचा क्यूआर चिकटवू नको. अ‍ॅपच्या आत डिजिटल सोय विकायची असेल तर गुगलची बिलिंगच वापरावी लागते. वर्षाच्या पहिल्या १० लाख डॉलरपर्यंत ते १५ टक्के कापतात. तिथवर आपण दोघं काही पोचत नाही, पण ती १५ ची सवलत आपोआप लागत नाही, प्ले कन्सोलमध्ये, म्हणजे आपल्या डेव्हलपर खात्यात, जाऊन स्वीकारावी लागते. २०२२ मध्ये स्पर्धा आयोगानं गुगलला याच बिलिंगवरून ९३६ कोटींचा दंड केला, त्यानंतर भारतात दुसरी बिलिंग सोबत ठेवायची मुभा मिळाली, पण तरीही कमिशन फक्त ४ टक्क्यांनी उतरते. त्यामुळे त्या भानगडीत मी पडलो नाही.

मी काय करतो: अ‍ॅपमध्ये विकतच काही नाही. फक्त ‘कोड टाका’ अशी चौकट. दुकानदाराशी व्यवहार समोरासमोर, पावती देतो, आणि सहा अंकी कोड देतो. बाहेर घेतलेल्या सेवेत नुसतं लॉगिन करू देणारं अ‍ॅप चालतं, त्यात ‘इथं पैसे भरा’ म्हणून बाहेरचा रस्ता दाखवला की चालत नाही. ओटीपी ठेवला नाही कारण एसएमएसला पैसे पडतात. सर्व्हर म्हणून फायरबेस या गुगलच्या ऑनलाइन सेवेचा फुकट कोटा, दिवसाला ५० हजार वाचणं आणि २० हजार लिहिणं, आपल्या कामाला भरपूर होतो.

आणि एक गोष्ट आजच तपास. डेटा फोनमध्येच आहे म्हणतोस. अँड्रॉइडच्या ऑटो बॅकअपवर विसंबला असशील तर तो मूळ सेटिंगमध्ये वायफायवरच चालतो, एका अ‍ॅपला २५ एमबीपर्यंत. आपल्याकडे वायफाय कोणाकडे आहे? सगळे मोबाईल डेटावर. म्हणजे बॅकअप होतच नाही, आणि ते कोणाला कळतही नाही. थ्रेशरवाल्याचा फोन ट्रॅक्टरवरून चाकाखाली गेला की अख्ख्या हंगामाची उधारी गेली, आणि मग तो तुझं नाव प्रत्येक पानठेल्यावर घेईल. रात्री हिशोब मिटवताना एक फाइल घरच्या दुसऱ्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅपनं जाईल अशी सोय कर. ज्याची वसुली आपल्या हातून बुडाली त्याच्याकडून पुढच्या वर्षी पैसे मागता येत नाहीत.

विकायला पोळा झाल्यावर निघ. तेव्हा मशीन बाहेर काढून पट्टे, चाळण्या, बेअरिंग बघत असतात, माणूस घरी सापडतो आणि हंगामाच्या खर्चात सहाशे खपून जातात. सोयाबीन सुरू झाल्यावर तुझ्याशी बोलायला कोणाला वेळ नाही. योगायोगानं गुगलची नवीन अँड्रॉइडला जुळवून घ्यायची तारीखही दर वर्षी ३१ ऑगस्टच्या आसपास असते. ते केलं नाही तर नवीन फोनवाल्यांना तुझं अ‍ॅप दिसणं बंद होतं. म्हणून उन्हाळ्यातच ते उरकून टाक.

गोधडी_आणि_कोड (मोर्शी, जि. अमरावती)

भाऊ, मी उलट टोकाला आहे, म्हणून लिहिते. माझं एकही गिऱ्हाईक भारतात नाही.

अमेरिकेत बायका क्विल्ट शिवतात, आपल्या गोधडीची बहीण समजा. पण त्यांचं मापाचं शास्त्र भलतंच काटेकोर. कापडाचा पन्हा साधारण ४४ इंच, त्यातून १८ बाय २२ चे तुकडे कापलेले विकत मिळतात, त्याला फॅट क्वार्टर म्हणतात. अडीच इंची पट्ट्यांचे गुंडाळे वेगळे. पलंगाच्या मापाची गोधडी करायची तर अस्तर किती वार, कडेची पट्टी किती, तुकडे किती लागतील, याचा हिशोब माझं अ‍ॅप करतं. ५ डॉलर, एकदाच. जाहिरात नाही. माझी आई जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवून द्यायची, तेव्हा अस्तर कमी पडलं की काय होतं हे मला घरातूनच माहीत होतं. बाकीचं त्या बायकांच्या तक्रारी वाचून शिकले.

चांगल्या महिन्यात तीस-पस्तीस हजार येतात. त्यांच्या नाताळाच्या आधी जास्त, उन्हाळ्यात निम्मे. पहिलं वर्षभर मात्र मोबाईलच्या रिचार्जइतकेही नव्हते, हेही सांगायला हवं.

या बायका आयपॅड वापरतात, त्यामुळे मला अ‍ॅपलकडे जावंच लागलं. तिथं दर वर्षी ९९ डॉलर. फ्लटरमध्ये कोड एकच लिहिला तरी आयफोनचं बिल्ड करायला मॅक लागतो; मी अमरावतीहून जुना मॅक मिनी घेतला. अ‍ॅपलचंही छोट्यांना १५ टक्के आहे, पण त्यासाठी अर्ज करावा लागतो, नाहीतर ३० कापतात. तुमच्या थ्रेशरवाल्यांसाठी यातलं काही नको. आयफोनवाला थ्रेशर मालक मी तरी पाहिला नाही.

पत्त्याचं दोन शब्द. प्ले स्टोअरवर पैसे कमावणाऱ्या डेव्हलपरचा पूर्ण पत्ता सगळ्यांना दिसतो. पुरुषांना याचं काही वाटत नाही. मला घरचा पत्ता जगापुढे नको होता, म्हणून मिस्टरांच्या दुकानाच्या गाळ्यावर माझा व्यवसाय नोंदवला. उद्यम नोंदणी फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. मग संस्थेचं खातं उघडलं, त्याला डन्स नंबर (व्यवसायाची ओळख पटवणारा जागतिक क्रमांक) लागतो, तोही फुकट मिळतो, फक्त थांबावं लागतं.

पिनच्या पत्राचं: नुसतं नाव आणि गाव लिहू नका. अ‍ॅडमॉबच्या पत्त्यात वडिलांचं नाव, ‘मु. पो.’, तालुका, जिल्हा, पिनकोड सगळं इंग्रजीत ठळक टाका, कारण गावात पोस्टमन वडिलांच्या नावानं घर ओळखतो. पत्र साध्या टपालानं येतं, विदेशी लिफाफा असतो, लोकांना ती जाहिरात वाटते. पोस्टात आधी जाऊन सांगून ठेवलं की बरं. पण उधारी_वसूल म्हणतात तसा बॅनरच काढणार असाल तर पिनची कटकटच मिटली.

एक मात्र पटलं नाही. समोरासमोर वसुली करणं मला जमलं नसतं. घरोघरी जाऊन पुरुष मंडळींकडे पैसे मागायचे, ‘उद्या ये’ ऐकायचं. माझ्या अमेरिकन आजीबाई झोपेत असताना पैसे देतात, म्हणजे मी झोपेत असताना. ई-मेलला उत्तर मात्र त्याच दिवशी द्यावं लागतं, नाहीतर एक तारा देऊन मोकळ्या.

उधारी_वसूल (ता. समुद्रपूर, जि. वर्धा)

ताई, मानलं. ‘उद्या ये’ मीही ऐकतो, कापूस घरात भरून ठेवलेल्या दुकानदाराकडून तर जास्तच. पण त्या चकरांमध्येच पुढची सुधारणा सापडते. खडूभाऊ, ताईंचा रस्ता पैशाला बरा आहे, फक्त तुला तिकडे मामा नाही हे लक्षात ठेव.

बीएस्सी_बेकार (ता. मेहकर)

मध्ये विचारतो. मी प्ले स्टोअरचं नवीन खातं उघडलं तर गुगलवाले आधी १२ टेस्टर (वापरून पाहणारे लोक) १४ दिवस मागून रायले. फेसबुकवर ग्रुप आहेत, तू माझं टाक मी तुझं टाकतो असे. ते चालते का?

मडगार्डवरचा_खडू (ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

चालते, पण उपयोग शून्य. ते लोक टाकून ठेवतात आणि उघडतही नाहीत, मग नंतरच्या अर्जात गुगल विचारते की टेस्टरनं काय सांगितलं, तेव्हा काय लिहिणार? मी मामाच्या ओळखीचे थ्रेशरवाले घेतले. त्यांच्या फोनमध्ये जीमेल कोणता ते शोधण्यातच जास्त वेळ गेला, कारण तो दुकानदारानं बनवून दिलेला असते. १३ नोव्हेंबर २०२३ नंतरच्या वैयक्तिक खात्यांनाच हा नियम आहे. आधी २० टेस्टर लागत, आता १२ वर आलं. ताईंसारखं संस्थेचं खातं असेल तर लागत नाही.

उधारीभाऊ आणि ताई, दोघांचेही आभार. बॅकअपचं आत्ताच मामाच्या फोनमध्ये पाहिलं. शेवटचा बॅकअप: कधीच नाही. म्हणजे तुम्ही म्हणता तसंच. आज रात्री फाइलची सोय करतो, आणि बॅनर काढलेली आवृत्ती दोन दिवसांत टाकतो.

दोन शंका. एक, आतापर्यंत फुकट वापरणाऱ्या चारशे जणांना अचानक पैसे मागितले तर शिव्या पडतील का? दुसरी, जीएसटी लागते का? आमच्या सेतूत रोज लोकांना सांगतो पण स्वतःचं समजत नाही.

उधारी_वसूल (ता. समुद्रपूर, जि. वर्धा)

जुन्यांकडून मागू नको. जे आज आहे ते त्यांना फुकटच राहू दे, नवीन सोय पैशाची ठेव. बाकीचे गावातले लोक त्यांच्याच फोनवर पाहून येतात, ती तुझी जाहिरात आहे. नवीन सोय कोणती ते तू थ्रेशरवाल्यांना विचार, मला नको विचारू.

जीएसटी सेवांना वर्षाच्या २० लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही. प्राप्तिकराचं रिटर्न मात्र कर शून्य बसत असला तरी भर. तीन वर्षांचे आयटीआर हातात असले की बँक कर्जाला उभं करते, आणि तुझ्या लग्नाची बोलणी होतील तेव्हा ‘मुलगा काय करतो’ याला कागद दाखवता येतो. आमच्याकडे तो कागद चालला.

दोन_थ्रेशर (कारंजा लाड)

मी काही तुमच्यावानी कम्प्युटरवाला नाही. भाच्यानं ही चर्चा पाठवली म्हणून लिहून रायलो. माह्याकडे दोन थ्रेशर हायेत आन हे खडूभाऊचं अ‍ॅप माह्या फोनात हाये.

भाऊ, हिशोब चांगला होते, पण मी मशीनवर नसतो ना. मशीनवर ड्रायव्हर असते. त्यानं चाळीस पोते काढले आन अ‍ॅपमंदी चौतीस टाकले तं मले काय कळते? सहा पोत्याचे पैसे नगदी घेऊन तो मोकळा. हे दरसाली होते, समद्याईचंच होते, तोंडानं कोणी सांगत नाही. शेतकऱ्याले जी पावती जाते तीच त्याच वक्ताले माह्या फोनवर आली, आन शेतकऱ्यानं तिकून ‘बरोबर’ म्हणून दाबलेलं मले दिसलं, तं सहाशे कायले, एका मशीनचे हजार देतो. दोन्ही मशीनचं खातं येगयेगळं पाह्यजे. आन ड्रायव्हरले बाकीचा हिशोब दिसू नये.

सोयाबीनच्या आंधी होत असन तं सांगजो. आमच्या इकडं आणखी पाच-सहा मशीनवाले हायेत, त्याईलेबी हेच पाह्यजे.